९३ टक्के बाळं : गडचिरोलीतल्या एका संशोधनाचा अभ्यास

डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ खेड्यांवरचा एक शोधनिबंध छापून आला. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं, त्यांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि सेवा न मिळालेल्या गावांशी ताडून पाहता तीन वर्षांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला, असा त्याचा निष्कर्ष. हा ६२ चा आकडा सगळे सांगतात. भाषणांत येतो, सरकारी कागदांत येतो.

मला त्या निबंधातला दुसरा एक आकडा जास्त बोलका वाटतो. तिसऱ्या वर्षी या गावांत जन्मलेल्या बाळांपैकी ९३ टक्के बाळांपर्यंत घरपोच सेवा पोचली होती. खेड्यात काम केलेल्या कोणालाही विचारा, बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्या माणसाला शिरता येतं का? बाळाला नजर लागेल, वारं लागेल, विटाळ आहे, अशी दहा कारणं दारातच उभी असतात. तिथे शंभरातल्या ९३ घरांनी दार उघडलं, बाळ वजनकाट्यात ठेवू दिलं आणि गरज पडली तेव्हा त्याच्या मांडीत सुई टोचू दिली. हे औषधाने होत नाही.

वैद्यकीय संशोधनात लोकांचा सहभाग हवा, वंचित समूहांचं प्रतिनिधित्व हवं, हे आता प्रत्येक प्रस्तावात लिहिलेलं असतं. ते बहुधा चांगुलपणाचं कलम म्हणून लिहिलेलं असतं, म्हणजे विज्ञान वेगळं आणि लोकसहभाग वेगळा. गडचिरोलीचं उदाहरण नीट पाहिलं तर ही फारकत टिकत नाही. तिथे लोकांचा विश्वास हीच संशोधनाची पद्धत होती. तो नसता तर ते आकडे गोळाच झाले नसते.

पहिला प्रश्न कोणाचा होता

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झाला. जंगल, धान, तेंदूपत्ता, मोहफूल. गोंड आणि माडिया गोंड वस्ती. पावसाळ्यात तुटणारे रस्ते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे १९८६ मध्ये आले आणि ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोघं नागपूरला वैद्यक शिकलेले, नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतलेले.

सुरुवातीच्या कामात सिकलसेलचं सर्वेक्षण होतं. आदिवासींमधला आनुवंशिक रक्तदोष, त्यावर या भागात फारसं काम झालेलं नाही, आणि डॉक्टरच्या दृष्टीने विषय महत्त्वाचा. सिकलसेलचं जनुक इथे मोठ्या प्रमाणावर आहे, हे त्यातून पुढे आलं. शास्त्र म्हणून काम चोख होतं. पण लोक स्वतः ज्या दुखण्यांची तक्रार घेऊन येत होते, त्या यादीत हा आजार नव्हता. तापाने माणसं फणफणत होती, बाळं दगावत होती, दारूने घरं मोडत होती. सिकलसेल हा डॉक्टरांच्या कुतूहलाचा विषय होता, गावाच्या गरजेचा नव्हता, हे डॉ. अभय बंग यांनीच पुढे जाहीरपणे मांडलं आहे. लोकांवर केलेलं संशोधन आणि लोकांबरोबर केलेलं संशोधन हा फरक त्यांच्या बोलण्यात तेव्हापासून कायम राहिला.

सिकलसेल खरा आजार आहे, त्याने माणसं मरतात. म्हणजे प्रश्न चुकीचा नव्हता. तो विचारायची वेळ, आणि तो कोणाच्या तोंडून आला, हे चुकलं. आजही बहुतेक प्रकल्पांत नेमकी हीच पायरी गाळली जाते. विषय शहरात ठरतो, निधी विषयाला मिळतो आणि मग गाव शोधलं जातं.

दवाखान्याची गोष्टही इथेच सांगायला हवी. लोक सरकारी इस्पितळात का जात नाहीत, हे आदिवासींनाच विचारलं गेलं. मोठ्या इमारतीची धास्ती, पांढऱ्या कोटांची भीती, नातेवाइकांना बाहेर काढतात याचा राग, आणि तिथे आपला देव नाही ही हुरहुर, अशी उत्तरं आली. म्हणून शोधग्रामचा, म्हणजे ‘सर्च’च्या परिसरातला, दवाखाना पाड्यासारखा बांधला गेला. सुट्या सुट्या झोपड्या, रोग्याबरोबर घरच्यांनाही राहायची सोय. नाव दंतेश्वरी देवीचं. तिथल्या जत्रेला जोडून आदिवासींची आरोग्य संसद भरू लागली. वेगवेगळ्या गावांचे लोक येतात आणि आम्हाला सगळ्यात जास्त कशाचा त्रास आहे, ते सांगतात. पाठदुखी, कंबरदुखी हा विषय संशोधनाच्या यादीत अशाच बोलण्यातून आला. धानाची रोवणी वाकून करणाऱ्या बाईला तो आधीपासून ठाऊक होता, वैद्यकीय नियतकालिकांना नव्हता.

वसा आणि अमिर्झा

संशोधनात विविधता नसते म्हणजे नेमकं काय होतं, याचं या प्रकरणातलं सगळ्यात ठळक उदाहरण नवजात बाळांच्या आधीचं आहे.

१९८० च्या दशकात खेड्यातल्या भारतीय स्त्रीवर संशोधन होत नव्हतं असं नाही, भरपूर होत होतं. पण ते सगळं गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढ्यापुरतं. पोटात मूल असेल किंवा ते नको असेल, तेव्हाच तिच्या शरीरात शास्त्राला रस. एरवी तिला काय होतं, पाळीच्या वेळी काय दुखतं, अंगावरून पांढरं जातं का, याची गावपातळीवरची मोजदादच नव्हती. जी माहिती होती ती इस्पितळात पोचलेल्या बायकांची. आणि इस्पितळात पोचतात त्या कोण? ज्यांच्याजवळ पैसा आहे, सोबत आहे, आणि ज्यांचं दुखणं आता लपवता येत नाही अशा.

डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. बायका त्यांच्याशी बोलू लागल्या, आणि असली दुखणी घरोघरी आहेत असं दिसायला लागलं. मग वसा आणि अमिर्झा या दोन गावांत अभ्यास करायचं ठरलं. गाव निवडताना एक अट होती : गावाची आणि गावच्या पुढाऱ्यांची तयारी हवी. ही अट कागदावर साधी दिसते. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा, की गावातल्या प्रत्येक बाईची, अगदी तेरा वर्षांपुढच्या लग्न न झालेल्या मुलींचीही, आतून तपासणी करायची आहे आणि त्याला सासू, नवरा, पोलीस पाटील, सगळ्यांची संमती लागणार आहे. हे एका बैठकीत होत नाही. पुरुषांशी वेगळं बोलावं लागतं, सुइणींना बरोबर घ्यावं लागतं, बायकांना काय करणार आहोत ते सांगावं लागतं. आणि तपासून सोडून द्यायचं नाही, जे निघेल त्यावर उपचार करायचे, हा शब्द द्यावा आणि पाळावा लागतो.

तपासल्या गेल्या ६५० स्त्रिया. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता, आणि सरासरी काढली तर एकेकीला साडेतीनच्या वर आजार. याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया ८ टक्केच. हा निबंध जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण ही समजूत जगभर हलली. लोकसंख्या आणि विकास या विषयावरच्या १९९४ च्या कैरो परिषदेत प्रजनन आरोग्याची जी व्यापक मांडणी झाली, तिच्या पाठीमागच्या पुराव्यांत या दोन गावांतल्या बायका आहेत.

या अभ्यासातला एक बारकावा विसरू नये असा आहे. तपासणीत आजार निघालेल्या सगळ्याच बायकांनी तक्रार सांगितली नव्हती. जवळजवळ निम्म्या काहीच त्रास नाही म्हणाल्या होत्या. फक्त प्रश्नावली घेऊन घरोघर फिरलं असतं तर निम्मा आजार गळाला असता. त्यांना तपासणीपर्यंत आणणारी गोष्ट विश्वासच होती. म्हणजे विश्वास नसता तर आकडा नुसता कमी आला नसता, चुकीचा आला असता, आणि तो चुकीचा आहे हे कळायला मार्गही नव्हता.

निष्कर्ष परत गावांत गेले, तेही जत्रा भरवून, पोस्टर, नाटुकली, गप्पा यांतून. ‘लॅन्सेट’ वाचणाऱ्यांना जे कळलं ते वसा-अमिर्झाच्या बायकांनाही कळलं.

मणी आणि वाळूचं घड्याळ

न्यूमोनियाचं काम मी थोडक्यात सांगतो, पण त्यातली एक वस्तू जवळून बघण्यासारखी आहे.

लहान मुलाला न्यूमोनिया झालाय की साधा खोकला, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे मिनिटाला श्वास किती. पण मोजणार कोण? गावातल्या सुइणीला बाळाची पारख आहे, साठपर्यंत अंक मोजायची सवय नाही. तिला अंक शिकवत बसण्याऐवजी एक साधन बनवलं गेलं. लाकडी चौकटीत मण्यांच्या ओळी आणि शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी एक ओळ, मोठ्या मुलासाठी दुसरी, कारण लहान बाळाचा श्वास मुळातच जलद असतो. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया, औषध सुरू करा. तिला दहापर्यंत मोजता आलं की पुरे.

हे साधन मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘अशिक्षित असल्याने सहभागी करता येत नाही’ हे वाक्य किती प्रकल्पांच्या पात्रता-निकषांत दडलेलं असतं! इथे माणूस वगळला नाही, उपकरण बदललं. सुइणी, गावातले आरोग्यसेवक आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांनी कोट्रायमोक्झॅझोल हे प्रतिजैविक देऊन ५८ गावांत उपचार केले, आणि ४४ गावांशी तुलना झाली. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे एकीकडे ८.१ आणि दुसरीकडे १७.५. हा निबंध १९९० चा.

घरातलं बाळ

न्यूमोनियावर इलाज झाला तरी बालमृत्यू एका पातळीखाली उतरेनात, कारण उरलेले बरेचसे मृत्यू पहिल्या महिन्यातले होते. त्या काळी प्रस्थापित मत असं होतं, की नवजात बाळाचा आजार म्हणजे इस्पितळाचं काम, अतिदक्षता विभाग हवा, बालरोगतज्ज्ञ हवा. गडचिरोलीत बाळं घरी जन्मत होती आणि घरीच मरत होती.

म्हणून आधी बघायचं ठरलं. १९९५-९६ या वर्षात ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांच्या घरी जाऊन आरोग्यसेविकांनी नोंदी केल्या. निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली २.६ टक्के बाळांना. ४२ टक्के बाळं जन्मतः कमी वजनाची. जगभरात घरी जन्मलेल्या बाळांचं इतकं बारीक निरीक्षण तोवर क्वचितच झालं होतं. बाळाचं आजारपण इस्पितळात मोजलं जात होतं आणि ही बाळं तिथे नव्हतीच.

आता या सेविका कोण, ते पाहू. गावातलीच बाई, पाचवी ते दहावी शिकलेली. बाहेरून नेमलेली नर्स नव्हे. गावात तिचं घर, तिचं शेत, तिची सोयरीक. आरोग्यदूत हे नाव पुढे रुळलं. तिच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, नाकातोंडातला चिकटा ओढायची नळी, श्वास देण्याचं साधन, बाळाला गुंडाळायची उबदार झोळी, डोळ्यांचं मलम, व्हिटॅमिन के आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन. गर्भारपणात ओळख करून घ्यायची, सुइणीसोबत बाळंतपणाला हजर राहायचं, मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, पंधराव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घरी जायचं. घरच्यांनी मध्ये कधी बोलावलं तर तेव्हाही.

पहिल्या दिवसाची भेट डोळ्यासमोर आणा. खोली अंधारी, धूर भरलेला. बाळंतीण खाटेवर. बाळाला लगेच अंघोळ घालायची घाई चाललेली. सेविका आधी हात धुते, बाळ पुसून कोरडं करते, गुंडाळते, वजन करते, आणि सासूला सांगते की अंघोळ उद्या-परवा घालू, आता आईच्या अंगाशी राहू दे. हे वाक्य पदवीधर डॉक्टरने सांगितलं असतं तर सासूने मान डोलावली असती आणि डॉक्टरची जीप गेल्यावर पाणी तापवलं असतं. ही बाई उद्या परत येणार आहे, परवाही. तिची स्वतःची बाळंतपणं याच गावात झाली आहेत. दोघींत आधीची ओळख आहे, कदाचित जुना रुसवाही आहे. शब्द टिकतो तो त्यामुळे.

सगळ्यात मोठा वाद इंजेक्शनचा. जंतुदोष अंगात पसरलेल्या बाळाला आठवी शिकलेल्या बाईने सुई टोचायची, हे बालरोगतज्ज्ञांपैकी अनेकांना पटणं शक्य नव्हतं. संशोधकांनी केलेली व्यवस्था अशी : लक्षणांचे निकष ठरलेले, ते दिसले की आधी बाळाला इस्पितळात न्या असा सल्ला, घरच्यांनी नकार दिला तरच, त्यांची लेखी संमती घेऊन, घरी उपचार. दर पंधरवड्याला वरिष्ठ व्यक्तीची गावात फेरी आणि नोंदींची पडताळणी. जन्म-मृत्यूंची नोंद दोन्हीकडच्या गावांत वेगळे पुरुष कार्यकर्ते ठेवत होते, म्हणजे सेविकेने स्वतःचंच यश मोजायचं नाही.

तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, सेवा मिळालेल्या ३९ गावांत नवजात मृत्यूदर हजारी २५.५ होता, तुलनेच्या ४७ गावांत ५९.६. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी आधी शंभरातली १६.६ दगावत, सेवा सुरू झाल्यावर २.८. दर बाळामागे खर्च ५.३ डॉलर.

४७ गावांचं काय

इथे थांबून एक अवघड गोष्ट बोललीच पाहिजे. तुलना करायची तर कुणाला तरी सेवा न देता बघावं लागतं. त्या ४७ गावांना सरकारी सेवा मिळतच होत्या, त्यात काही काढून घेतलं नव्हतं. तरी तिथली बाळं हजारी साठच्या दराने मरत राहिली आणि कुणीतरी ते वहीत लिहीत राहिलं. वही धरलेला तो कार्यकर्ता घरोघरी गेला असेल, आईशी बोलला असेल. त्याला काय वाटलं असेल, हे शोधनिबंधात लिहायला जागा नसते.

माझ्या मते तुलना आवश्यकच होती. ती नसती तर ‘दर तसाच खाली येत होता’ असं कोणीही म्हणालं असतं, आणि देशाचं धोरण बदललं नसतं. पण आवश्यक होती म्हणून तो भार हलका होत नाही. तुलनेच्या गावाला आपण तुलनेचं गाव आहोत हे सांगितलं पाहिजे, आणि प्रयोग यशस्वी झाला तर ती सेवा सगळ्यात आधी त्यांच्याकडे जावी, हे सुरुवातीलाच लिहून ठेवलं पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत समुदायाशी संवाद आणि लाभातला वाटा हे दोन्ही आलेलं आहे. संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत एक सामान्य नागरिक सदस्यही लागतो. तो सामान्य नागरिक बहुतेक वेळा शहरातला निवृत्त शिक्षक किंवा वकील असतो. तुलनेच्या गावातली बाई तिथे बसलेली मी पाहिलेली नाही.

शास्त्रीय आक्षेपही होते. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि सगळं एकाच निष्ठावंत संस्थेने, एकाच जिल्ह्यात केलेलं. दोन्ही आक्षेप रास्त. त्यांचं उत्तर वादातून मिळालं नाही, पुढच्या प्रयोगांतून मिळालं. बांगलादेशात सिल्हेटला आणि उत्तर प्रदेशात शिवगडला २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत वाटणी रीतसर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, होती आणि मृत्यूदर तिथेही उतरला : ३४ टक्के आणि ५४ टक्के. झारखंड-ओडिशातल्या आदिवासी भागात ‘एकजूट’ या संस्थेने तर औषधाची पिशवीही दिली नाही. बायकांचे गट बसवले, चित्रं आणि गोष्टींच्या आधाराने आपल्या गावात बाळं का मरतात यावर त्यांनाच विचार करू दिला. २०१० चा त्यांचा निबंध सांगतो, नवजात मृत्यूदर ३२ टक्क्यांनी कमी. बायकांनी एकत्र बसून बोलण्याचा परिणाम यादृच्छिक चाचणीत मोजता येतो, याहून मोठा पुरावा या विषयात मला माहीत नाही.

जिथे दार ठोठावलं गेलं नाही

आता उलट बाजू. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लशीचा प्रात्यक्षिक प्रकल्प झाला. दहा ते चौदा वर्षांच्या मुली, त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने, आणि बऱ्याच सरकारी आश्रमशाळांच्या वसतिगृहातल्या. अनेक संमतीपत्रांवर आईबापांच्या जागी वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकाने सही केलेली होती. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही. पण एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने संमतीच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले.

लस चांगली आहे. तो कर्करोग गरीब बाईला जास्त मारतो, म्हणजे विषयही योग्य होता. नमुन्यात आदिवासी होत्या, मुली होत्या, ग्रामीण होत्या. ‘विविधता’ हा रकाना तपासला असता तर तो पूर्ण भरलेला दिसला असता. कमी पडला तो आईबापांच्या दारापर्यंतचा रस्ता. आणि त्याची किंमत देशाने मोजली, कारण त्यानंतर या लशीबद्दल जी धास्ती बसली ती वर्षानुवर्षं टिकली. वॉर्डनची सही घेऊन वाचवलेले दिवस असे वसूल झाले.

पिशवीतून गेलेली सुई

गडचिरोलीचा प्रयोग आधी महाराष्ट्रात इतर संस्थांनी करून पाहिला, मग अनुसंधान परिषदेने पाच राज्यांत. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळासाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘घरी नवजात बाळाची काळजी’ हे काम आशा कार्यकर्तीकडे दिलं. बाळ इस्पितळात जन्मलं असेल तर सहा भेटी, घरी जन्मलं तर सात. सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या की २५० रुपये.

हा मोठाच विजय होता. देशातल्या लाखो आशा आज बाळाचं वजन करतात, आईला दूध पाजायला मदत करतात, आजारी बाळ ओळखतात. तरी मूळ प्रयोग आणि कार्यक्रम शेजारी ठेवले की काय गळालं ते दिसतं. इंजेक्शन गेलं. जंतुदोष दिसला की आशाने बाळ वर पाठवायचं. पुढे काही परिस्थितीत एएनएमला, म्हणजे सरकारी परिचारिकेला, जेंटामायसिन द्यायची मुभा मिळाली, आशाला नाही. पंधरवड्याची पडताळणी गेली. तिच्या जागी फॉर्म आला. आणि गर्भारपणापासून जुळवलेल्या नात्याची जागा भेटींच्या संख्येने घेतली, कारण मोबदला भेटीवर आहे.

इंजेक्शन गळण्यामागची सावधगिरी मला कळते. देशभर नीट देखरेख नसेल तर प्रतिजैविकांचा गैरवापर होईल, आणि इस्पितळातली बाळंतपणं वाढली आहेत. पण गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली तालुक्यांच्या आतल्या गावांत पावसाळ्यात नाला भरला की वर पाठवायचं म्हणजे कुठे? ज्या भागातल्या बायकांनी हे काम सुरक्षितपणे करता येतं असं जगाला दाखवून दिलं, त्याच भागातल्या आशाच्या पिशवीत ती सुई नाही. दुर्गम तालुक्यांसाठी तरी ती परत यावी, देखरेखीसकट यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

श्रेयाबद्दलही एक राहतं. शोधनिबंधावर संशोधकांची नावं असतात. सेविका आणि सुइणी यांचे आभार मानले जातात, पण लेखकांच्या यादीत त्या नसतात. गडचिरोलीतही तसंच झालं, जगभर तसंच होतं. नोंदी त्यांनी केल्या, निदान त्यांनी केलं, रात्री-अपरात्री त्या गेल्या. किमान गटाचं नाव लेखकांत घालायला बहुतेक नियतकालिकं आज हरकत घेत नाहीत; मोठ्या बहुकेंद्री चाचण्यांत डॉक्टरांचे गट असे नाव लावतातच.

सिकलसेल परत आला आहे

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची चाचणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं उद्दिष्ट. आदिवासी जिल्हे हेच तिचं क्षेत्र, गडचिरोलीही त्यात आलंच. १९८६ मध्ये जो प्रश्न डॉक्टरांचा होता तो आता सरकारचा झाला आहे. तो गावाचा झालाय का, हे गावात जाऊनच कळेल.

चाचणीला बोटातून एक थेंब रक्त पुरतं. पुढचं सगळं त्या थेंबानंतर सुरू होतं. वाहक निघालेल्या, म्हणजे स्वतः आजारी नसून ते जनुक असलेल्या, मुलीच्या लग्नाचं काय? तिच्या कार्डावरचा शिक्का सोयरिकीच्या बैठकीत कोण बघणार? मुलाला वेदनेचा झटका रात्री आला तर रक्त कुठल्या गावी मिळेल? हायड्रॉक्सीयुरिया हे त्यावरचं औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात महिनोन्‌महिने मिळत राहील, की शिबिराच्या दिवशीच? चाचणीत गोळा झालेल्या माहितीवर उद्या कोणी संशोधन करणार असेल तर ग्रामसभेला विचारणार का? गावातले लोक हे प्रश्न विचारतीलच, आज नाही तर कार्ड हातात पडल्यावर. ते चाचणीच्या आधी विचारू देण्यासाठी प्रत्येक गावात एक संध्याकाळ लागेल, आणि पुढे उत्तरं घेऊन परत येण्यासाठी आणखी एक. मोहिमेच्या वेळापत्रकात आणि अंदाजपत्रकात या दोन संध्याकाळींची ओळ असायला हवी, आणि ती आशाच्या फुकटच्या कामात न घालता तिच्या मोबदल्यासकट असायला हवी.